आयआरसी चॅट: कनेक्ट होतं, पण दरवेळी चॅनलच्या बाहेरच राहतो? कारण आणि उपाय

आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट, लिहून गप्पा मारायची एक जुनी पद्धत, आणि चॅनल म्हणजे तिथली चॅट रूम. प्रॉब्लेम असा असतो. चॅट रूमचा प्रोग्राम टाकला, नाव दिलं, पहिल्या दिवशी चॅनल उघडलं, दोन-चार लोकांशी बोलणंही झालं. दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्राम, तेच नेटवर्क, पण आपल्या नावामागे एक अंडरस्कोर लागलेला, आणि चॅनल उघडतच नाही, किंवा उघडतं पण लिहिलेलं पुढे जात नाही, किंवा जायचं होतं एका चॅनलमध्ये आणि समोर आलं भलतंच. मग प्रोग्राम बंद करून परत चालू करायचा, त्याने कधीकधी जमतं पण, म्हणून वाटतं सुटलं एकदाचं, आणि परवा परत तेच. शेवटी वैतागून सगळं काढून नव्याने इन्स्टॉल.

इन्स्टॉलचा याच्याशी काहीही संबंध नाहीये. नवीन येणाऱ्यांना मदत करताना हा एकच प्रश्न इतक्या वेगवेगळ्या रूपात समोर येतो की सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: सर्व्हरला तुम्ही कोण हे कळायच्या आधीच तुमचा प्रोग्राम चॅनलचं दार वाजवतो. तो क्रम बदलला की रोजची कटकट थांबते. बाकीची कारणं पण आहेत, ती पुढे येतीलच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या. आणि कमांडच्या सुरुवातीला ती तिरकी रेघ म्हणजे स्लॅश हवाच.

आधी थोडं मागचं, कारण हे माहीत नसेल तर पुढचं विचित्र वाटतं. आयआरसी हे १९८८ सालचं आहे, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलेलं. त्याचा पहिला अधिकृत नियमांचा मसुदा आला १९९३ मध्ये. त्या वेळच्या डिझाइनमध्ये अकाउंट ही कल्पनाच नव्हती, जो आधी येऊन नाव सांगेल त्याचं ते नाव, तो गेला की नाव मोकळं. पासवर्ड, नाव राखून ठेवणं, हे सगळं नंतर वरून जोडलेल्या सर्व्हिसेस करतात, आणि त्यातली आपल्या कामाची म्हणजे निकसर्व्ह. म्हणजे सर्व्हरशी कनेक्ट होणं वेगळं आणि निकसर्व्हकडे ओळख पटवणं वेगळं. ही दोन कामं एकच आहेत असं समजल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो, कारण आजच्या बाकी सगळ्या अॅपमध्ये लॉगिन झालं म्हणजे आत आलो असा हिशोब असतो, इथे तुम्ही आत येऊनसुद्धा अनोळखी असू शकता.

आणि प्रोग्राम, नेटवर्क, चॅनल हे तिन्ही वेगळे धरा. हेक्सचॅट, एमआयआरसी, वीचॅट (WeeChat, तशाच नावाचं चिनी अॅप नव्हे), इरसी हे झाले प्रोग्राम, ज्याला क्लायंट म्हणतात. लिबेरा चॅट, ओएफटीसी ही झाली नेटवर्क्स. आणि नेटवर्कच्या आत चॅनल, ज्यांची नावं हॅशने सुरू होतात. एका नेटवर्कवरचं चॅनल दुसऱ्या नेटवर्कवर दिसत नाही, नाव तेच असलं तरी ते दुसरंच चॅनल. हे मुद्दाम सांगतोय कारण अजूनही खूप ठिकाणी जुनी माहिती पडून आहे ज्यात फ्रीनोड या जुन्या नेटवर्कचा पत्ता दिलेला असतो. मे २०२१ मध्ये फ्रीनोड चालवणारे बहुतेक स्वयंसेवक तिथून बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं, आणि मुक्त सॉफ्टवेअरचे भरपूर प्रोजेक्ट तिकडे किंवा ओएफटीसीवर गेले. त्यामुळे जुनी माहिती वाचून गेलात आणि चॅनलमध्ये चिटपाखरू नाही असं दिसलं तर आधी त्या प्रोजेक्टच्या साइटवर आत्ता कुठलं नेटवर्क लिहिलंय ते बघा.

आता खरं निवारण. पहिलं काम, काहीही बदलायच्या आधी, सर्व्हरची विंडो उघडा. प्रत्येक क्लायंटमध्ये चॅनलच्या टॅबशिवाय एक टॅब नेटवर्कच्या नावाचा असतो, काही ठिकाणी त्याला स्टेटस म्हणतात. नवीन माणूस तिकडे बघतच नाही कारण कनेक्ट होताना तिथे भराभर पन्नास ओळी येतात, नियम, स्वागत, किती लोक आहेत वगैरे, आणि वाटतं हे सगळं मशीनचं बोलणं आहे. पण चॅनलने तुम्हाला का घेतलं नाही ते तिथेच स्पष्ट लिहिलेलं असतं. ती ओळ शोधायची. मदत मागायला येणाऱ्याला मी आधी तीच ओळ विचारतो, आणि बऱ्याचदा ती ओळ वाचूनच त्याचं त्याला कळतं.

त्या ओळींमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे नाव आधीच वापरात आहे, क्रमांक ४३३. तुम्ही म्हणाल नाव तर माझंच आहे, मग वापरतंय कोण? तर तुम्हीच. होतं काय, लॅपटॉप नुसता मिटला, वायफाय गेलं, फोनचं नेटवर्क बदललं, तर तुमच्या बाजूने कनेक्शन तुटलं पण सर्व्हरला कोणी तसं सांगितलेलं नसतं. सर्व्हर अधूनमधून पिंग पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो, काही मिनिटं उत्तर आलं नाही की मग पिंग टाइमआउट म्हणून बाहेर काढतो. तेवढी मिनिटं तुमचं जुनं कनेक्शन तिथे नाव धरून बसलेलं असतं, त्यालाच घोस्ट म्हणतात. तुम्ही दरम्यान परत आलात की नाव अडकलेलं, म्हणून क्लायंट आपोआप दुसरं नाव घेतो, तेच ते अंडरस्कोरवालं. आणि म्हणूनच थोड्या वेळाने बंद-चालू केलं की जमतं, कारण तोवर घोस्ट गेलेला असतो, तुमच्या रीस्टार्टने काही झालेलं नसतं.

पुढची साखळी बघा. अंडरस्कोरवालं नाव निकसर्व्हकडे नोंदलेलं नाही. क्लायंटमध्ये पासवर्ड सेव्ह करून ठेवला असेल आणि तो निकसर्व्हला नुसता पासवर्ड पाठवत असेल तर निकसर्व्ह म्हणतो, या नावाची नोंदच नाही. म्हणजे ओळख पटली नाही. आणि चॅनलवर जर आर मोड लावलेला असेल, म्हणजे फक्त ओळख पटलेल्यांनाच प्रवेश, तर ४७७ क्रमांकाची ओळ येते आणि तुम्ही बाहेर. काही चॅनल सरळ बाहेर न ठेवता दुसऱ्याच चॅनलकडे वळवतात, म्हणून ते भलतंच चॅनल समोर येतं. काही आत घेतात पण अनोळखींना गप्प ठेवतात, मग लिहिलं की ४०४, चॅनलला पाठवता येत नाही. हे ४०४ वेबपेज सापडत नाही वालं नव्हे, इथे त्याचा अर्थ बोलायची परवानगी नाही एवढाच. तीन वेगळी लक्षणं, मूळ एकच. हे सगळं स्पॅम अडवायला असतं, चॅनलवाले तुमच्यावर रागावलेत असं अजिबात समजू नका, मोठी चॅनल्स याशिवाय चालवणंच अवघड जातं.

आणि घोस्ट नसला, नाव बरोबर मिळालं, तरीही हे होऊ शकतं. क्लायंट कनेक्ट झाल्या झाल्या दोन गोष्टी करतो, निकसर्व्हला पासवर्ड पाठवतो आणि ठरलेली चॅनल्स जॉइन करतो. निकसर्व्हने पासवर्ड तपासून हो म्हणायला अर्धा सेकंद जास्त घेतला आणि जॉइन आधी पोचलं, की झालं, तुम्ही त्या क्षणी अनोळखी होतात. दोन सेकंदांनी तुमची ओळख पटलेली असते पण जॉइन तर नाकारलं गेलं. म्हणून कधी जमतं कधी नाही असं वाटतं, आणि असला कधीमधी येणारा प्रॉब्लेम सगळ्यात जास्त डोकं खातो.

आत्ता या क्षणी अडकला असाल तर तात्पुरता उपाय. निकसर्व्हला मेसेज करून आयडेंटिफाय करा, पण नुसत्या पासवर्डने नाही, आधी तुमचं मूळ अकाउंटचं नाव, मग एक जागा सोडून पासवर्ड. अंडरस्कोरवाल्या नावाने आलेले लोक हेच विसरतात. स्लॅश एमएसजी, निकसर्व्ह, आयडेंटिफाय, अकाउंटचं नाव, पासवर्ड, लिबेरावर तरी या क्रमाने. ओळख पटली की रिगेन आणि तुमचं मूळ नाव, त्याने घोस्टला हाकललं जातं आणि नाव तुम्हाला परत मिळतं. काही नेटवर्कवर रिगेन नसतं, तिथे घोस्ट कमांड द्यायची आणि मग स्लॅश निक देऊन नाव स्वतः बदलायचं. त्यानंतर स्लॅश जॉइन. लिबेरासारख्या नेटवर्कवर ओळख अकाउंटला चिकटते, नावाला नाही, त्यामुळे अंडरस्कोर तसाच ठेवून नुसतं आयडेंटिफाय केलं तरी चॅनल आत घेतं.

इथे एक फार महत्त्वाचं. ही कमांड चॅनलच्या टॅबमध्ये कधीच टाइप करू नका, सर्व्हरच्या विंडोतच करा. कारण स्लॅशच्या आधी चुकून एक स्पेस पडली, कॉपी-पेस्ट करताना हमखास पडते, तर क्लायंटला ती कमांड वाटत नाही, साधा मेसेज वाटतो, आणि तुमचा पासवर्ड चॅनलमधल्या सगळ्यांना दिसतो. तो परत घेता येत नाही, तिथे डिलीट वगैरे काही नसतं, आणि बऱ्याच चॅनल्सच्या नोंदी सार्वजनिक असतात. तसं झालंच तर घाबरून पळू नका, लगेच निकसर्व्हला सेट पासवर्ड देऊन पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड इतर कुठे वापरत असाल तर तिथेही. चॅनलमधले लोक याला सरावलेले असतात.

आता कायमचा उपाय, त्याचं नाव सॅसल, एस ए एस एल अशी अक्षरं. यात फरक एवढाच की कनेक्शन पूर्ण व्हायच्या आतच, म्हणजे सर्व्हर स्वागताच्या ओळी पाठवायच्या आधी, ओळख पटवली जाते. त्यामुळे जॉइन कितीही घाईत गेलं तरी तोवर तुम्ही ओळखीचे झालेले असता. क्रमाचा प्रश्नच संपतो. घोस्टमुळे नावाला अंडरस्कोर लागला तरी सॅसल अकाउंटच्या नावाने होत असल्यामुळे काही बिघडत नाही.

त्यासाठी आधी अकाउंट हवं. एकदा साधं कनेक्ट होऊन, जे नाव हवं ते घेऊन, निकसर्व्हला रजिस्टर, पासवर्ड, ईमेल असं पाठवा. मग ईमेलवर एक कमांड येते, ती पूर्ण कॉपी करून परत निकसर्व्हला पाठवायची असते, तोवर नोंदणी अर्धवट असते. रजिस्टर केलं होतं पण आता अकाउंटच नाही म्हणतंय अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हा ईमेलचा टप्पा राहिलेला असतो. स्पॅम फोल्डर बघा.

हेक्सचॅटमध्ये कंट्रोल आणि एस दाबलं की नेटवर्कची यादी उघडते. आपलं नेटवर्क निवडून एडिट. तिथे खाली लॉगिन मेथड आहे, त्यात सॅसल, युजरनेम अधिक पासवर्ड हा पर्याय घ्या, त्याखाली पासवर्ड. आणि इथेच एक छुपी गंमत आहे जिच्यात भले भले अडकतात. वर एक खूण असते, सगळीकडे सारखीच युजर माहिती वापरा अशा अर्थाची, ती काढा, आणि युजर नेमच्या चौकटीत तुमच्या अकाउंटचं नाव लिहा. ती खूण तशीच राहिली तर हेक्सचॅट सामायिक युजर नेम पाठवतो, आणि ते बहुतेक वेळा तुमच्या कॉम्प्युटरच्या लॉगिनचं नाव असतं, जे निकसर्व्हला माहीतच नाही. मग पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही ९०४ येतो, सॅसल फेल. पासवर्ड बदलत बसतात लोक, चूक असते नावाच्या चौकटीत. वीचॅट आणि इरसीमध्ये सॅसलचं युजरनेम आणि पासवर्ड अशा वेगळ्या सेटिंग्जच आहेत, तिथे हा गोंधळ कमी होतो, आणि एमआयआरसीच्या नवीन आवृत्त्यांमध्ये सर्व्हर एडिट करताना लॉगिनच्या पद्धतीत सॅसल मिळतं. हेक्सचॅटबद्दल आणखी एक, त्याची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि ती शेवटची असेल असं बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं. चालतो अजून, नवशिक्याला सोपाही आहे, पण आज सुरुवात करत असाल तर हे माहीत असू द्या.

एखाद्या नेटवर्कवर सॅसल नसेलच तर जॉइनला थोडा उशीर लावायचा. हेक्सचॅटमध्ये आयआरसी जॉइन डिले नावाची सेटिंग आहे, मुळात ५ सेकंदांची असते, ती १० करून बघा. ही तडजोड आहे, पण चालून जाते.

सगळं केल्यावर खात्री कशी करायची? स्लॅश हूइज आणि तुमचंच नाव. उत्तरात अमुक अकाउंटने लॉगिन आहे अशी ओळ दिसली की झालं. नसेल दिसत तर सॅसल लागलेलं नाही, परत सर्व्हर विंडोत ९०४ शोधा. याच हूइजमध्ये तुमचा आयपी पत्ता पण दिसू शकतो, आणि तो झाकलेला नसेल तर इतरांनाही दिसतो. काही नेटवर्क नोंदणीकृत लोकांना तो झाकून देतात, त्याला क्लोक म्हणतात, पण तो ओळख पटल्यावरच चढतो, म्हणून चॅनलमध्ये शिरायच्या आधी ओळख पटणं याही कारणासाठी चांगलं.

एवढं करूनही चॅनल घेत नसेल तर कारण वेगळं. ४७३ म्हणजे आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. ४७५ म्हणजे चॅनलला स्वतःचा पासवर्ड आहे, तो जॉइनमध्ये चॅनलच्या नावानंतर द्यायचा. ४७१ म्हणजे जागा भरल्या. ४७४ म्हणजे बंदी, आणि ती दरवेळी तुमच्यावरच असते असं नाही, एखाद्या इंटरनेट कंपनीच्या अख्ख्या पट्ट्यावर असू शकते कारण त्या पट्ट्यातून कोणीतरी त्रास दिलेला असतो. अशा वेळी चॅनलच्या ऑपरेटरला, म्हणजे ते सांभाळणाऱ्याला, सभ्यपणे विचारायचं, नवीन नाव घेऊन मागच्या दाराने शिरायचं नाही, त्याने बंदी पक्की होते.

उलटा प्रकार पण होतो. चॅनल सहज उघडलं, आत तुम्ही एकटेच, आणि तुमच्या नावापुढे अॅटचं चिन्ह. याचा अर्थ असं चॅनल अस्तित्वातच नव्हतं, तुम्ही ते आत्ता बनवलंत, आणि पहिले म्हणून ऑपरेटर झालात. स्पेलिंग तपासा, एक हॅश की दोन हॅश तेही तपासा. लिबेरावर एका हॅशची चॅनल्स प्रोजेक्ट्सची असतात, दोन हॅशची साधारण विषयांची, म्हणजे एका हॅशने विषयाचं चॅनल शोधलं तर सापडणार नाही.

मुळात कनेक्टच होत नसेल तर. पोर्ट ६६९७ आणि टीएलएसची, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करायची खूण, हे दोन्ही एकत्र हवं. ६६६७ हा जुना उघडा पोर्ट आहे, त्याच्यावर टीएलएसची खूण लावली किंवा ६६९७ वर ती काढली, तर नुसतं फिरत राहतं किंवा लगेच तुटतं. सर्टिफिकेट चुकीचं असल्याची तक्रार आली तर आधी कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ बघा, खरंच, खूपदा तेवढंच असतं. चुकीचं सर्टिफिकेटही स्वीकारा अशी खूण असते, ती लावून मोकळं होऊ नका, पासवर्ड त्याच वाटेने जाणार आहे. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर हे पोर्ट बंद असतील तर लिबेराला ७००० आणि ७०७० वर पण टीएलएस चालतं, तेही नाही झालं तर ब्राउझरमधलं वेबचॅट. व्हीपीएनवरून सॅसलशिवाय येऊ देणार नाही असा निरोप आला तर एकदा व्हीपीएन बंद करून अकाउंट बनवा, सॅसल लावा, मग परत चालू करा. आणि जोडणी तुटली म्हणून सारखं सारखं कनेक्ट दाबत बसू नका, फार घाईने परत येताय म्हणून सर्व्हर थोडा वेळ अडवतो, आणि तुम्हाला वाटतं अजून बिघडलं. दोन-तीन मिनिटं थांबा.

फोनवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. बॅटरी वाचवायला फोन मागे गेलेलं अॅप झोपवतो, पिंगला उत्तर जात नाही, टाइमआउट, मग परत कनेक्ट, परत घोस्ट, आणि चॅनलमधल्या लोकांना तुमचं आत-बाहेर दिवसभर दिसत राहतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अॅपला मोकळीक दिली की फरक पडतो, पण पूर्ण जात नाही. पक्का उपाय म्हणजे बाउन्सर. झेडएनसी सारखा प्रोग्राम सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर बसतो, तुमच्या नावाने कायम कनेक्ट राहतो, आणि तुम्ही फोनवरून त्याला जोडले की मधल्या वेळात काय बोलणं झालं ते दाखवतो. द लाउंज नावाचा असाच ब्राउझरमधून वापरायचा प्रोग्राम आहे. आयआरसीक्लाउड सारखी तयार सेवा पण आहे ज्यांना स्वतःचं काही चालवायचं नाही त्यांच्यासाठी. याची गरज का, तर आयआरसीच्या सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी जुने मेसेज साठवतच नाहीत. तुम्ही नव्हतात तेव्हा जे बोललं गेलं ते तुमच्यापुरतं गेलं.

आता मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी, हे कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही म्हणून जरा थांबतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर स्लॅशच्या कीवर य येतो, म्हणजे कमांड सुरूच होत नाही आणि जे टाइप केलं ते सगळं चॅनलमध्ये जातं. कमांड देताना इंग्रजी लेआउटवर या. नाव देवनागरीत चालत नाही बहुतेक नेटवर्कवर, ४३२ येतो, चुकीचं नाव म्हणून, आणि नावाची सुरुवात अंकाने केली तरी हाच निरोप. मेसेज मात्र देवनागरीत बिनधास्त चालतात, फक्त दोन्हीकडे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ हवं. समोरच्याला तुमच्या वाक्याऐवजी टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर कोणाचं तरी एन्कोडिंग जुनं आहे, हेक्सचॅटमध्ये ते नेटवर्कच्या त्याच एडिट चौकटीत सगळ्यात खाली, कॅरेक्टर सेट म्हणून आहे.

आणि लांब वाक्य अर्ध्यात तुटतं, ही तक्रार मराठीत जास्त येते, त्याला कारण आहे. आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, त्यात तुमचं नाव, पत्ता, चॅनलचं नाव हे सगळं धरून. मजकुराला साधारण चारशेच्या आसपास उरतात. रोमन अक्षर १ बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. नमस्कार हा शब्द दिसतो छोटा पण त्यात ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. त्यामुळे मराठीत एका ओळीत साधारण वीसेक शब्दच बसतात. चांगले क्लायंट आपोआप दोन ओळी करून पाठवतात, काही मात्र उरलेलं सरळ गाळतात, आणि तुम्हाला तुमच्या स्क्रीनवर पूर्ण दिसतं म्हणून कळतही नाही. छोटी वाक्यं पाठवा, आणि महत्त्वाचं असेल तर समोरच्याला विचारून घ्या पूर्ण आलं का.

पंधरा-वीस ओळींचा एरर एकदम पेस्ट केला तर एक्सेस फ्लड म्हणून सर्व्हर बाहेर काढतो, तो बिघाड नाही, पेस्टबिनवर, म्हणजे मजकूर ठेवायच्या साइटवर, टाकून लिंक द्या. आणि एकदम शेकडो लोक बाहेर पडताना दिसले आणि कारणाच्या जागी दोन सर्व्हरची नावं असतील तर तो नेटस्प्लिट, सर्व्हरमधला दुवा तुटलाय, तुम्ही काही करायचं नसतं, लोक परत येतात.

शेवटचा प्रॉब्लेम कुठल्याच क्रमांकाचा नाही, पण सगळ्यात जास्त लोक याच्यामुळे कायमचे जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. सगळं जमलं, चॅनलमध्ये सहाशे नावं दिसतायत, लिहिलं कोणी आहे का, दोन मिनिटं वाट बघितली, उत्तर नाही, गेला बिचारा. आणि दहा मिनिटांनी कोणीतरी उत्तर द्यायला येतो तर माणूसच नाही. ती सहाशे नावं म्हणजे कनेक्ट असलेली नावं, माणसं कामात आहेत, झोपलीत, दुसऱ्या खंडात आहेत, बरेचसे तर बाउन्सरच आहेत. कोणी आहे का, एक विचारू का, असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला कोणाला कारण नसतं. प्रश्नच पूर्ण लिहा, काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आणि विंडो उघडी ठेवून आपल्या कामाला लागा, तास-दोन तास, शक्य असेल तर दिवसभर. कोणी तुमचं नाव घेऊन लिहिलं की क्लायंट तो टॅब रंगवून दाखवतो.

आणि याच कनेक्शनच्या प्रॉब्लेमसाठी मदत मागायची असेल तर लिबेरावर एका हॅशचं लिबेरा नावाचंच चॅनल आहे, तिथे विचारता येतं, कनेक्टच होत नसेल तर वेबचॅटमधून या. येताना क्लायंटचं नाव आणि आवृत्ती, पोर्ट, टीएलएस चालू की बंद, सॅसल लावलंय की नाही, आणि सर्व्हर विंडोतली ती ओळ क्रमांकासकट, जशीच्या तशी कॉपी केलेली, एवढं आणा. फक्त पेस्ट करायच्या आधी त्यात पासवर्ड आलेला नाही ना ते एकदा बघून घ्या.